डावी साखळी थोरल्याची

माझं शिंप्याचं दुकान आणि त्यांचं आवार समोरासमोर, मधे फक्त रस्ता. त्यामुळे त्या घरात जे घडलं ते मी मशीनवर बसल्या बसल्या पाहिलं. जे दिसलं नाही ते ऐकू आलं, कारण त्या घरात हळू बोलायची पद्धतच नव्हती. जन्मभर डोझरच्या आवाजावर आवाज चढवून बोललेली माणसं ती. मीठ मागतानासुद्धा आग लागल्यासारखी ओरडायची.

डोझर म्हणजे साखळ्यांवर चालणारा ट्रॅक्टर. पुढे माती ढकलायचं रुंद पातं, दोन्ही अंगांना रणगाड्यासारखे पट्टे, मधे एक सीट आणि सीटसमोर दोन दांडे. उजवा दांडा ओढला की उजवी साखळी थांबते आणि गाडी उजवीकडे वळते, डावा ओढला की डावीकडे. स्टिअरिंगचे लाड नाहीत. हा डोझर तिघा भावंडांच्या बापाने भंगारातून उचलून आणला होता आणि त्याच्यावर सगळा संसार केला होता.

भावंडं तीन: थोरला, मधली आणि धाकटा. थोरल्याला मोठेपणाची हौस, धाकट्याला थोरल्याशी भांडायची हौस, आणि मधलीला डोझर चालवता यायचा. बापाला दिसेनासं झाल्यापासून सीटवर तीच. तिला बघायला पाहुणे यायचे, विचारायचे, "मुलगी काय करते?" बाप अभिमानाने सांगायचा, "माती ढकलते." पाहुणे चहा पिऊन जायचे ते जायचेच.

बाप गेला आणि वाटणीचं निघालं. पंच म्हणून मामा आले. मामा फार न्यायी म्हणून प्रसिद्ध होते, कारण ते स्वतःच सगळीकडे तसं सांगत. त्यांनी आल्या आल्या अंगणात खुर्ची टाकली आणि जाहीर केलं, "पुढं तंटा नको ना? मग प्रत्येक गोष्ट निम्मी निम्मी. सुतळीचा तोडासुद्धा."

घर निम्मं झालं, आवार निम्मं झालं. पान्यांची पेटी उघडली तेव्हा सम नंबरचे पाने थोरल्याला आणि विषम नंबरचे धाकट्याला गेले. साखळीच्या पिना दाबून काढायला बापाने घरीच एक प्रेस बनवला होता, लोखंडी चौकट आणि तिच्यात बसणारा जॅक. चौकट थोरल्याला मिळाली, जॅक धाकट्याला. आता चौकटीशिवाय जॅक आणि जॅकशिवाय चौकट कशाला उपयोगी पडते, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. मामांचा न्याय ऐन रंगात आला होता.

राहता राहिला डोझर. विकून टाका, असं शेजारी म्हणाले, पण विकायचं नाव काढलं की दोघाही भावांना बापाची आठवण यायची. एरवी यायची नाही. मामांनी डोझरला सावकाश एक प्रदक्षिणा घातली आणि त्यांचा चेहरा उजळला.

"साखळ्या दोन आहेत ना?"

"दोन," धाकटा म्हणाला.

"आणि तुम्हीही दोघं. मग अडलंय कुठं? डावी बाजू थोरल्याची, उजवी धाकट्याची. इंजिन सामाईक."

मी समोर काजं करत होतो. सुई बोटात गेली.

"आणि ताईला काय?" धाकट्याने विचारलं. बहिणीच्या मायेने नव्हे. तिला द्यायचं तर थोरल्याच्या बाजूतून जाईल, एवढाच त्याचा हिशोब.

"तिला वेगळं काय द्यायचं?" मामा म्हणाले. "ती काय परकी आहे? घरचीच आहे."

मधली फडक्याला हात पुसत उभी होती. ती म्हणाली, "म्हणजे परकी असते तर मिळालं असतं?"

मामा खो खो हसले. "बघा, किती समजूतदार पोरगी आहे!"

झालं. थोरल्याने आपली बाजू दुसऱ्याच दिवशी पिवळीधमक रंगवली. ते पाहून धाकट्याने आपली हिरवी केली. लोक एकाच डोझरला रस्त्याच्या या टोकाकडून पिवळा म्हणत आणि त्या टोकाकडून हिरवा. दोघा भावांचं बोलणं बंद झालं होतं. जे काही बोलायचं ते मधलीमार्फत, आणि ती सीटवर असली की तिच्या नावाने हाका मारत. "त्याला सांग, त्याच्या बाजूचं तेल गळतंय." दुसरा दीड हातावर उभा असायचा.

काही दिवसांनी डावी साखळी खडखडायला लागली. साखळीतल्या पिना आणि पिनांवर बसणारी नळकांडी, म्हणजे बुश, झिजले की कड्या ढिल्या पडतात, साखळी लांबते आणि मागच्या दातेरी चक्रावर नीट बसत नाही, दात सोडून उड्या मारते. खालचे रोलर, म्हणजे सगळं ओझं वाहणारी छोटी चाकं, तीही झिजून बशीसारखी झाली होती. थोरल्याने मेकॅनिकला बोलावलं.

या मेकॅनिकला सगळे डॉक्टर म्हणत. तो स्क्रू ड्रायव्हरचं एक टोक मशीनला आणि दुसरं कानाला लावून ऐकायचा, डोळे मिटायचा, आणि कपाळाला आठ्या घालून असा उठायचा की नातेवाईकांनी तयारीला लागावं.

"गुडघे गेलेत," तो थोरल्याला म्हणाला. "ओझं वाहणाऱ्याचे गुडघेच आधी जातात. पण तुमची बाजू वाचेल. उजवीकडं मात्र बघवत नाही हो."

मग रस्ता ओलांडून माझ्या दुकानापाशी उभ्या असलेल्या धाकट्याला गाठून म्हणाला, "डावीकडं सगळी वरवरची मलमपट्टी चालली आहे. खरा दणकटपणा तुमच्याच बाजूला."

डॉक्टरने डावी साखळी उतरवली आणि आपल्या वर्कशॉपात नेली. परत आणली तेव्हा ती घट्ट, काळीभोर, तेलाने चमचमत होती. रोलरवर वेल्डिंगने भर घालून ते लेथवर गोल केले होते. थोरला गल्लीत दिसेल त्याला हाताला धरून आणून दाखवायचा. "सगळे पिन-बुश नवे. डॉक्टर म्हणाला, आता माझी बाजू नवी." मलाही त्याने कात्री खाली ठेवायला लावून नेलं. मी म्हटलं, "छान." साखळीतलं मला काय कळतं? पण एका पायाला नवं कापड आणि दुसऱ्याला जुनंच ठेवून विजार शिवायला कुणी सांगितलं असतं, तर मी नाही म्हटलं असतं.

आणि डोझर डावीकडे ओढायला लागला. सरळ सोडला तरी डावीकडे जायचा.

"बघ," थोरला मधलीला म्हणाला, "जो काळजी घेतो त्याच्याकडंच कल जाणार. यंत्राला कळतं."

धाकटा म्हणाला, "त्याला सांग ताई, ही हाव आहे. सगळं आपल्याच अंगाला ओढायचं. बाजूसुद्धा मालकावर गेली."

"दोघांनी ऐका," मधली म्हणाली. "डावी साखळी आखूड झाली, उजवी लांबच राहिली. एका पायात बूट आणि दुसऱ्यात तुटकी चप्पल घालून चालून बघा एकदा. दोन्ही बाजू एकदम उघडायला हव्यात."

"माझी बाजू उत्तम आहे," धाकटा म्हणाला. "बाबांनी स्वतःच्या हाताने बसवलेली साखळी आहे ती. मी तिला हात लावू देणार नाही." बापाने स्वतःच्या हाताने बसवलेली गोष्ट बापानेच वेळोवेळी दुरुस्त केली असती, हे त्याला सुचलं नाही.

अशात शाळेच्या मैदानाचं काम आलं. मैदान खड्ड्याखुड्ड्यांचं होतं आणि मुख्याध्यापिकाबाईंना ते सपाट हवं होतं. मधली डोझर घेऊन गेली. गाडी सतत डावीकडे पळते म्हणून सतत उजवा दांडा ओढून धरायचा. दुपारपर्यंत तिचा खांदा भरून आला. पात्याने मैदानावर केळ्याच्या आकाराच्या रेघा उमटल्या. शेवटी तिने मैदानाच्या मधोमध इंजिन बंद केलं, खाली उतरली आणि चालत घरी आली. खांद्यावर दुसरा हात दाबून ती फाटकात उभी राहिली आणि दोघांना ऐकू जाईल असं म्हणाली, "मी आता चढणार नाही. दोन्ही बाजू एकदम उघडा, नाहीतर तुमचं तुम्ही चालवा."

"चालवू की!" थोरला म्हणाला. "दोन तर दांडे आहेत."

दुसऱ्या दिवसापासून मधली रस्त्याच्या ठेकेदाराकडे रोडरोलर चालवायला लागली. मी विचारलं, "कसं वाटतं?" ती म्हणाली, "एकच मालक आहे. फार शांत वाटतं."

इकडे शाळेतून निरोपावर निरोप. मैदानाच्या मधोमध डोझर उभा, पोरांनी खेळायचं कुठं? शेवटी दोघं भाऊ गेले. योगायोगाने मीही शाळेत होतो, गणवेश द्यायला गेलो होतो. मधली सुट्टी झाली होती आणि सगळी शाळा मैदानाच्या कडेला येऊन उभी होती.

आता चालवायचं कुणी? डावा दांडा थोरल्याच्या बाजूचा, उजवा धाकट्याच्या. एकाने दुसऱ्याच्या दांड्याला हात लावायचा म्हणजे अतिक्रमण. शेवटी दोघं एकाच सीटवर अर्धे अर्धे बसले, एकमेकांकडे पाठ करून, प्रत्येकाच्या हातात आपापला दांडा. इंजिन सामाईक असल्यामुळे त्याचा वेग कमी-जास्त करायला निःपक्षपाती माणूस हवा, म्हणून मामांना वर चढवलं. मामा धोतराचा सोगा सावरत पत्र्यावर बसले आणि त्यांनी हात उंचावून शाळेला अभिवादन केलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. डॉक्टर पुढे उभा राहून, विमान उतरवतात तसे हातवारे करत होता.

डोझर निघाला आणि सवयीप्रमाणे डावीकडे वळला. तो सरळ करायला धाकट्याने उजवा दांडा ओढायला हवा होता. पण धाकटा ओरडला, "चूक त्याच्या बाजूची आणि मी का माझी साखळी थांबवू?" थोरल्याला वेगळीच काळजी. वळताना नवी साखळी झिजू नये म्हणून त्याने आपला दांडा ओढून धरला, म्हणजे डावी साखळी पार थांबली. मग काय, उजवी एकटी धावते आहे आणि डोझर जागच्या जागी गरगर फिरतो आहे.

"माझीच का झिजवतोस?" धाकटा किंचाळला. वाटणीनंतर भावाशी थेट बोललेलं हे त्याचं पहिलं वाक्य.

"मामा, हळू करा!" थोरला ओरडला.

मामांनी हाताला लागला तो खटका दाबला. तो वेगाचा निघाला. डोझर गर्जला. प्रत्येक फेऱ्याला पातं माती कापत होतं, खड्ड्याची बशी होती तिची परात झाली, परातीची कढई झाली. मामांनी डोळे मिटून पत्रा कवटाळला. आणि मग बंदूक सुटल्यासारखा आवाज आला. लांबून सैल झालेली उजवी साखळी पुढच्या चाकावरून निसटली, डोझर तिच्यातून बाहेर चालत गेला आणि उघड्या रोलरवर त्या खड्ड्यात तिरका होऊन बसला. पोरांनी असा जल्लोष केला, जसा त्यांनी कुठल्याच स्नेहसंमेलनात केला नव्हता.

मुख्याध्यापिकाबाई खड्ड्याच्या काठावर आल्या. त्यांनी वाकून खाली पाहिलं.

"मी मैदान सपाट करायला सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "विहीर नव्हती सांगितली."

साखळी परत चढवायची तर आधी पुढच्या चाकाचा मोठा नट सैल करावा लागतो. नट उजव्या बाजूचा, म्हणजे धाकट्याचा. त्याला लागणारा पाना सम नंबरचा, म्हणजे थोरल्याचा. धाकटा मागेना आणि थोरला देईना. डॉक्टर दोघांमधे निरोप नेत होता आणि नेता नेता थोडं मीठमसाला लावत होता. मामा सावलीत पाणी पीत होते आणि म्हणत होते, "वाटणीत काही चूक नाही. जमीन वाकडी आहे."

बाईंनी हा तमाशा थोडा वेळ पाहिला, मग स्कूटर काढली आणि गेल्या. परत आल्या तेव्हा मागे मधली बसली होती, डांबराच्या हातांनी.

ती खड्ड्यात उतरली. साखळीची एक कडी उचलून पाहिली, चक्राच्या दातावरून बोट फिरवलं. मग बाईंना म्हणाली, "करते. पण सगळं इथंच उघडायचं, दोन्ही बाजूंचं. आणि काम संपेपर्यंत कुणी माझी बाजू, तुझी बाजू म्हणायचं नाही."

"पण वाटणी..." मामांनी सुरुवात केली.

"मामा, तुम्ही सावलीतच बसा. ऊन फार आहे."

बाई नुसत्या भावांकडे बघत उभ्या राहिल्या. शिक्षक असं बघायला लागले की वय कितीही असो, माणूस मान खाली घालतो. थोरला पाना घेऊन आला.

पुढचे काही दिवस मी रोज काही ना काही निमित्त काढून शाळेत जात होतो. आडवा कापलेला पिंप डिझेलने भरून ठेवला होता. डाव्या साखळीची प्रत्येक कडी, प्रत्येक पिन, प्रत्येक बुश त्यात. उजवीचंही त्यातच. थोरल्याने घाईघाईने आपल्या भागांवर खडूने खुणा केल्या, त्या डिझेलमधे विरघळल्या. धाकट्याने आपले भाग वेगळ्या ढिगात ठेवले, ते मधलीने धुवायला म्हणून लोटून दिले.

"काही बिघडत नाही," थोरला म्हणाला. "माझे सगळे नवे आहेत. डोळे मिटून ओळखीन."

तेव्हा मधलीने एक बुश काढून त्याच्या तळहातावर ठेवला. एका अंगाने गुळगुळीत, शाबूत. दुसऱ्या अंगाला मात्र बोट बसेल एवढी खोलगट झीज.

"हे नवे?" तिने विचारलं. "हे तर बाबांचेच आहेत, दादा. नुसते अर्धा फेर फिरवून बसवलेत. बुश एकाच अंगाने झिजतो, म्हणून फिरवला की न झिजलेलं अंग दाताला मिळतं. काम चांगलं केलंय. उजवीकडंही हेच करायचंय. फक्त नवं यात काही नाही."

सगळे डॉक्टरकडे वळले. डॉक्टरने स्क्रू ड्रायव्हर खिशात घातला.

"मी 'नवी बाजू' म्हणालो होतो," तो शांतपणे म्हणाला. "बुशची जुनी बाजू आत गेली, नवी बाहेर आली. यात खोटं काय?"

थोरल्याचा चेहरा उतरला. धाकटा हसला, मनमुराद हसला. मग मधेच थांबला, कारण त्याला आठवलं की गेल्याच आठवड्यात त्यानेही डॉक्टरला उचल दिली होती, उजवीच्या 'नव्या बाजूसाठी'. दोघं भाऊ एकदमच उठले. डॉक्टर शाळेचं कुंपण कुठून ओलांडून गेला हे पोरांनी नंतर बरेच दिवस एकमेकांना दाखवलं.

प्रेसची चौकट थोरल्याने आणली होती, जॅक धाकट्याने. एक भाऊ जॅकचा दांडा हापसायचा, दुसरा कडी धरून ठेवायचा, आणि जरा इकडेतिकडे झालं तर बोट जाईल म्हणून "थांब", "हं", "अजून" एवढं तरी बोलावंच लागायचं. मधली पिंपातून हात घालून कड्या काढायची, पारखायची आणि दोन्ही साखळ्यांत सारख्या वाटायची. मजबूत जितक्या इकडे तितक्याच तिकडे, आणि रोलरही तसेच मिसळून. मग मागच्या दोन दातेरी चक्रांची पाळी आली.

"डावं उजवीकडं लावायचं, उजवं डावीकडं," ती म्हणाली.

"माझं चक्र त्याच्याकडं?" थोरल्याच्या तोंडून निघून गेलं.

"गाडी पुढं जाताना दाताचं एकच अंग घासतं. अदलाबदल केली की न घासलेलं अंग कामाला येतं. दोघांचंही आयुष्य वाढतं. चक्रांचं म्हणते मी."

"अदलाबदल नको, भाड्याने द्या!" सावलीतून मामांचा आवाज आला. "थोरल्याने धाकट्याला, धाकट्याने थोरल्याला. भाडं सारखंच, म्हणजे फिटंफाट!" मधलीने चक्राचे बोल्ट सोडवायला घेतले. मामांना वाटलं, ऐकू गेलं नाही. त्यांनी पुन्हा एकदा सांगितलं.

साखळ्या चढल्या. मधलीने आधी भावांची विहीर बुजवली, मग मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गाडी सोडली आणि दोन्ही दांड्यांवरचे हात काढून घेतले. डोझर नाकासमोर गेला. धुऊन इस्त्री केल्यासारखं मैदान झालं. बाईंनी शाळेसमोर मधलीचं नाव घेऊन आभार मानले. मामांनी उठून नमस्कार केला. मामा आता सगळ्यांना सांगतात की निम्मं निम्मं करण्यात खरी युक्ती हीच होती, म्हणजे शेवटी एकत्र यावंच लागतं.

काम संपल्यावर मधली सीटवरून उतरली आणि हात पुसत म्हणाली, "मी उद्यापासून परत रोडरोलरवर."

दोघं भाऊ एकमेकांकडे बघायला लागले.

"असं काय करतेस ताई," धाकटा म्हणाला. "आता तर गाडी सरळ झाली."

"गाडी झाली. मी डोझरवर हवी असेन, तर मला हिस्सा पाहिजे. तिसरा."

थोरला दचकला. व्यवहाराचं आलं की त्याची मान आपोआप ताठ व्हायची. "मागायला हरकत नाही. पण कुठला भाग? डावी तर माझी आणि..."

"कुठलाही चालेल," मधली म्हणाली. "तुम्ही दोघं आधी आपापलं ओळखून बाजूला काढा. उरेल ते माझं."

ती नळाकडे हात धुवायला गेली. दोघं भाऊ डोझरशेजारी उकिडवे बसले, अगदी खांद्याला खांदा लावून, आणि खाली वाकून बघायला लागले. सगळं सारखं काळं, सारखं तेलकट.

"हा रोलर तुझा ना?" थोरल्याने विचारलं.

धाकट्याने बराच वेळ निरखून पाहिला. "तुझा वाटतो."

"माझा? माझा इतका खराब नव्हता."

"मग माझाही नव्हता."

मी गणवेशाचं गाठोडं बांधून निघालो तेव्हा ते अजून डोझरखालीच होते. फक्त चार पाय बाहेर दिसत होते. नळावर मधली कोपरापर्यंत साबण लावून काळं तेल घासत होती, आणि काही घाईत असल्यासारखी दिसत नव्हती.